एमजीबी घ्यायची असेल तर आधी गाडीखाली झोपा

जुन्या स्पोर्ट्स कारची जाहिरात उघडा, निम्मा मजकूर इंजिनाबद्दल असतो. 'इंजिन नुकतंच बांधलंय', 'हाफ सेल्फला स्टार्ट', 'एक रुपयाचं काम नाही'. सोबत फोटो: लालभडक रंग, चकचकीत क्रोमचे बंपर, तारांची चाकं, नवा कापडी टप. यातलं एक अक्षरही कदाचित खोटं नसेल. तरीही एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही सगळी माहिती दुसऱ्या नंबरची आहे. पहिल्या नंबरची माहिती फोटोत येत नाही, कारण ती जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला असते.

हा सगळा लेख एमजीबीवरच बेतलेला आहे. 'क्लासिक स्पोर्ट्स कार' म्हटलं की जग्वार ई-टाइपपासून पोर्शे ९११ पर्यंत काहीही येतं आणि प्रत्येकीची दुखणी वेगळी. सगळ्यांना लागू पडेल असा सल्ला द्यायला गेलं की तो 'नीट बघून घ्या' एवढाच उरतो. त्यापेक्षा एकच गाडी घेऊन ती मुळापासून समजून घेतलेली बरी. शिवाय जुनी स्पोर्ट्स कार पहिल्यांदाच घेणाऱ्याला ब्रिटनमध्ये सहसा जी सुचवली जाते, ती हीच. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती बनत होती. सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यातला मोठा हिस्सा अमेरिकेला गेला. त्यामुळे आजही तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या एमजी हेक्टरवर जी अष्टकोनी खूण आहे, तीच हिच्या नाकावर असते.

आणखी एक नातं आहे, ते थोड्यांनाच ठाऊक असतं. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) या कंपनीच्या 'बी-सिरीज' घराण्यातलं. आपल्या अँबॅसडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. अँबॅसडर खोलून बसवलेल्या जुन्या मेकॅनिकला एमजीबीचं बॉनेट उघडून दाखवा, तो परक्या ठिकाणी आल्यासारखा वागणार नाही. साधं, दणकट, ओतीव लोखंडाचं इंजिन. बिघडलं तर दुरुस्त होतं, अगदीच गेलं तर दुसरं मिळतं. म्हणूनच ते गाडी घेण्याचं किंवा न घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

मग पैसे कुठे बुडतात? पत्र्यात.

एमजीबीच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती, म्हणजे खाली लोखंडी सांगाडा आणि त्यावर बसवलेली बॉडी. एमजीबीत तो सांगाडा काढून टाकला. बॉडीचेच पत्रे दुमडून, एकमेकांना वेल्ड करून त्यांच्या पोकळ पेट्या केल्या आणि सगळा भार त्या पेट्यांवर टाकला. याला मोनोकॉक म्हणतात. आजच्या बहुतेक मोटारी अशाच असतात. फरक इतकाच की त्यांना वर छप्पर असतं. चपलांच्या खोक्याचं झाकण काढलं की ते दोन हातांनी सहज पिळता येतं. उघड्या स्पोर्ट्स कारची तीच गत. छपराचं काम कुणीतरी करायलाच हवं, म्हणून दोन्ही दारांच्या खाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी एक जाडजूड पोकळ पेटी दिलेली असते. तिला सिल म्हणतात. उघड्या एमजीबीचं वजन, वळणावरचा पीळ, खड्ड्यातला धक्का, सगळं या दोन सिलवर येतं. १९६५ साली आलेल्या छपराच्या एमजीबी जीटीला थोडी मदत छपराची मिळते, पण सिल तिलाही तितकीच महत्त्वाची.

ही पेटी एका पत्र्याची नसते. बाहेरून दिसतो तो एक पत्रा, त्याच्या आत मधोमध उभा दुसरा, त्याच्या आत केबिनच्या बाजूला तिसरा, आणि खालून घड्या घातलेला, किल्ल्याच्या तटासारखा दिसणारा भाग. इंग्रज मेकॅनिक त्याला 'कॅसल रेल' म्हणतात. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात जाऊन बसतो. थंडीत बर्फ वितळवायला ब्रिटनच्या रस्त्यांवर मीठ टाकतात, तेही त्या चिखलात असतं. तो ओला गोळा महिनोन्‌महिने पत्र्याला चिकटून राहतो आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगावर पहिला फोड दिसेपर्यंत मधला पत्रा बहुधा गेलेला असतो.

खरी दुरुस्ती करायची तर पुढचा मडगार्ड काढावा लागतो. तो बोल्टवर आहे, निघतो. मागचा मडगार्ड मात्र वेल्ड केलेला असतो आणि सिलचं मागचं टोक त्याच्या आत शिरलेलं असतं, त्यामुळे त्याचा खालचा भाग कापावा लागतो. मग गाडीला आतून आधार देऊन, दाराची चौकट हलणार नाही असं बांधून, तिन्ही पत्रे बदलायचे. दोन्ही बाजूंचं हे काम म्हणजे आठवड्यांची मजुरी. आता स्वस्त दुरुस्ती ऐका: कुजलेल्या सिलवर बाहेरून एक नवा पत्रा चढवायचा, कडा वेल्ड करायच्या, जाड काळं डांबर फासायचं आणि वरून रंग मारायचा. एका दिवसात गाडी तयार. दिसायला दोन्ही सारख्याच.

फरक कसा ओळखायचा? पुढच्या चाकामागे, मडगार्डचा खालचा कोपरा आणि सिल जिथे भेटतात तिथे टॉर्च मारा. सिल मडगार्डच्या आत सरकलेली दिसली पाहिजे. ती मडगार्डच्या कडेला येऊन थांबत असेल, किंवा तिथे पत्र्यावर पत्रा असल्याची उभी कड बोटाला लागत असेल, तर फक्त दिसणारा भाग बदललेला आहे. मग जमिनीवर आडवे होऊन खाली पाहा. कॅसल रेलच्या घड्या कोऱ्या, धारदार दिसायला हव्यात. त्या बुजलेल्या, डांबराने भरलेल्या असतील तर खाली काय दडलंय हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही, किंवा सांगायचं नसेल. सगळ्या गाडीचा तळ जुनाट आणि सिलखालचा पट्टाच तेवढा ताजा काळा असेल, तर मला तरी पुढे बघायची गरज वाटत नाही.

यानंतर दार. एमजीबी तपासताना एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. गाडी सपाट जागी उभी करा, दार लावा आणि दाराच्या मागच्या कडेची उभी फट पाहा. वरपासून खालपर्यंत ती सारखी असली पाहिजे. खाली आठ मिलिमीटर आणि वर जेमतेम तीन, असं दिसलं तर गाडी मधून खचली आहे. एकतर सिल कमकुवत झाल्यात, नाहीतर कुणीतरी आधार न देता त्या कापून बदलल्यात आणि गाडी वाकलेल्या अवस्थेतच वेल्ड झाली आहे. दुसरं जास्त वाईट, कारण तिथे सगळे पत्रे नवे असूनही गाडी वाकडी आहे, आणि ती सरळ करायची तर नवेच पत्रे पुन्हा कापायचे.

मग मालकाच्या परवानगीने जॅक लावा, कारखान्याने दाराखाली दिलेल्या जॅकच्या जागेवरच. दार लावलेलं ठेवा, जॅक हळूहळू चढवा आणि नजर त्या फटीवर ठेवा. चांगल्या गाडीत चाक उचललं जातं, फट जिथल्या तिथे राहते. आणि तशाच स्थितीत दार उघडतं, लागतं. फट डोळ्यांदेखत मिटायला लागली किंवा दार अडकलं, तर सिलमध्ये जीव नाही. कधीकधी इतकंही बघावं लागत नाही. जॅक चढवताच गाडी वर येण्याऐवजी खालून कुरकुर आवाज येतो आणि जॅकच पत्र्यात शिरायला लागतो. मालक म्हणाला की 'जॅक तिथे नको, इथे ॲक्सलखाली लावा', तर तेही एक प्रकारचं उत्तरच आहे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका. खाली जायचं तर भक्कम स्टँड हवेत.

सिलनंतर बाकीच्या जागा झरझर. सीटमागचा गालिचा उचला. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत तिथे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, मिळून बारा व्होल्ट. ॲसिड आणि पाणी दोन्ही त्या खोबणीत उतरतं, त्यामुळे खोबणीच्या तळाला भोक असणं नेहमीचं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच भागात मागचे कमानपाटे बॉडीला जोडलेले असतात. पाट्याची पुढची जोड सिलच्या मागच्या टोकाजवळ येते. तिथला पत्रा मऊ असेल तर मागचं ॲक्सल कशाला धरून आहे, हा प्रश्न पडायला हवा. पायाखालचे गालिचे उचलून फरशी दाबून बघा. ओली असेल तर टपातून पाणी येतंय की हीटर गळतोय, ते वासावरून कळतं. कूलंटला गोडसर वास असतो. दारावर, पुढच्या छोट्या तिकोनी काचेच्या खाली, एक बारीक आडवी-तिरकी चीर दिसते का बघा. या मॉडेलचं ते ठरलेलं दुखणं आहे. जीवघेणं नाही, पण वेल्ड करून रंग द्यावा लागतो. पेट्रोलची टाकी डिकीच्या खाली असते आणि गंजते ती वरच्या अंगाने, जिथे धूळ साठते. टाकी नवी मिळते, त्यावरून सौदा मोडू नका.

खिशात छोटं लोहचुंबक ठेवा, रुमालात गुंडाळून, रंगाला चरा पडू नये म्हणून. मडगार्डच्या खालच्या भागावर, चाकांच्या कमानींवर, दारांच्या तळाशी फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. एक सावधगिरी: सुरुवातीच्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं होतं, स्टीलचं नंतर आलं. साठच्या दशकातल्या एमजीबीच्या बॉनेटला चुंबक चिकटलं नाही म्हणून मालकावर पुट्टीचा आरोप केला तर तो तुम्हाला चहा न विचारता घालवेल, आणि त्यात त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. उलट ॲल्युमिनियमचं मूळ बॉनेट शिल्लक असणं चांगलंच.

पत्र्याच्या बाबतीत एक सुखद शक्यताही आहे. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साच्यांवर एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी बनवू लागली. 'हेरिटेज शेल'वर बांधलेली गाडी विकायला असेल आणि बिलं सोबत असतील, तर ती जास्त पैसे देऊनही घेण्यासारखी असते. काही मंडळी 'कारखान्यातला मूळ पत्रा नाही' म्हणून नाक मुरडतात. गाडी चालवायची असेल तर त्यांचं फार मनावर घेऊ नये.

आता इंजिन. बघायला जाण्याआधी फोनवर सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर विचारा. जुन्या इंजिनाची खोड थंड असतानाच दिसते, आणि ती लपवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास गाडी फिरवून आणणं.

किल्ली फिरवा, पण सेल्फ मारू नका. मागून टिक-टिक-टिक असा आवाज येईल. तो एसयू कंपनीच्या विजेवरच्या पेट्रोल पंपाचा. कार्बोरेटर भरले की टिकटिक मंदावते आणि थांबते. थांबलीच नाही, तर पेट्रोल कुठेतरी गळतंय, नाहीतर कार्बोरेटरच्या आतली सुई झिजली आहे, नाहीतर टाकी रिकामी आहे. एक पैसा खर्च न करता मिळणारी ही माहिती आहे आणि बहुतेक लोक ती ऐकण्याआधीच सेल्फ मारतात.

सुरू झाल्यावर डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा बघा. थंड इंजिनाला तो छान वर जातो, त्याने भुलू नका. वीसेक मिनिटं गाडी चालवून इंजिन पुरतं तापल्यावरचा आकडा खरा. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर पन्नासच्या वर आणि आयडलवर पंधरा ते पंचवीस पीएसआय असेल तर बेअरिंगं ठीक आहेत. तापल्यावर आयडलला काटा तळाशी लोळत असेल तर इंजिन खोलायची वेळ आली आहे. टॅपेटचा हलका टकटक आवाज या इंजिनाला शोभतोच. पूर्ण शांत टॅपेट म्हणजे कदाचित कुणी गॅप नको इतकी कमी केली आहे. खालून येणारा जड, खोल ठोका मात्र वेगळा. तो ऐकला की ओळखू येतो.

धुराची भाषा अशी: उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरू द्या आणि मग पाय दाबा. त्या क्षणी मागे निळसर ढग उठला तर व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्या आहेत, म्हणजे हेडचं, इंजिनाच्या वरच्या भागाचं काम. दाबून ठेवल्यावर सतत निळा धूर असेल तर पिस्टन रिंगा, म्हणजे अख्खं इंजिन. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तर हेड गॅस्केटची शंका घ्या. पण थंडीत फक्त जवळपास फिरणाऱ्या गाडीत नुसत्या वाफेनेही ती धरते, म्हणून रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग आहे का तेही बघा. खाली तेलाचे दोन-चार थेंब असतील तर असू द्यात. या गाड्यांबद्दल जुना विनोद आहे की तेल गळायचं थांबलं तर आधी तेल आहे का बघा.

जन्मसालावरून दोन गोष्टी कळतात. १९६४ च्या अखेरीपर्यंत इंजिनाच्या क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला, तीन मेन बेअरिंग होती, त्यानंतर पाच. पाचवालं जास्त टिकाऊ, तीनवालं किंचित उत्साही असा लौकिक आहे. दुसरं, ही इंजिनं शिसंवाल्या पेट्रोलसाठी बनली होती. शिसं गेल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, म्हणून कडक धातूच्या बैठका बसवलेलं हेड लागतं. ते झालंय का आणि त्याचं बिल आहे का, विचारा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खातं. भारतात आता वीस टक्के इथेनॉल असतं, ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये दहा. नळ्या नव्या प्रकारच्या आहेत का हे बघणं ही शोभेची चौकशी नाही. गरम एक्झॉस्टजवळ पेट्रोल ठिबकलं तर गाडी जळते.

क्लच आणि गिअरबॉक्सकडे इंजिनापेक्षा जास्त लक्ष द्या. कारण विचित्र वाटेल, पण एमजीबीत नुसती क्लच प्लेट बदलायची तरी इंजिन बाहेर काढावं लागतं. भाग स्वस्त, मजुरी मोठी. चालवताना तिसऱ्यातून दुसऱ्यात जरा झपकन आणा. कर्र झालं तर सिंक्रो, म्हणजे गिअर आवाज न करता बसवणारी यंत्रणा, गेलाय. पहिल्या गिअरला १९६७ पर्यंत सिंक्रो नव्हताच, तिथे गाडी हलत असताना कुरकुर झाली तर दोष तुमचा. ओव्हरड्राइव्ह (स्विचने लागणारा, इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जास्तीचा गिअर) असेल तर तो नक्की तपासा, कारण त्याने गाडीची किंमतही वाढते आणि लांबच्या प्रवासातला त्रासही कमी होतो. टॉप गिअरमध्ये ताशी ६० मैलांवर स्विच दाबला की फेऱ्या साधारण ३३०० वरून २७०० वर येतात आणि केबिन एकदम निवांत होते. काहीच झालं नाही तर मालक म्हणेल, 'एक वायर सुटली असेल'. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मग तुम्ही यायच्या आधी त्याने ती का जोडली नाही? किंमत बोलताना ओव्हरड्राइव्ह नाहीच असं धरून बोला.

गिअर बदलताना मागून येणारा 'टक' आवाज जुन्या एमजीबीत जवळजवळ असतोच. डिफरन्शियलमधले वॉशर झिजल्यावर तो येतो, दुरुस्ती फारशी महाग नाही. तारांची चाकं असतील तर आधी वेगळी खात्री करा. ही चाकं नटांवर नसतात. दातेरी हबवर सरकवून मध्ये एकच मोठा नट ठोकलेला असतो. हे दाते झिजले तर एक दिवस हब फिरेल आणि चाक फिरणार नाही, किंवा ब्रेक मारल्यावर हब थांबेल आणि चाक फिरतच राहील. मागचं चाक उचला, हँडब्रेक ओढा आणि चाक दोन्ही हातांनी मागेपुढे फिरवायचा प्रयत्न करा. हब जागेवर राहून चाक जरासं हललं तर दाते गेले. पुढच्या चाकांना हीच परीक्षा, फक्त पायाचा ब्रेक कुणाला तरी दाबायला सांगा. मग पेन्सिलीने एकेक तार वाजवा. सगळ्या साधारण एका सुरात वाजल्या पाहिजेत, सैल तार बद्द वाजते.

पुढचं सस्पेन्शन किंगपिनवर, म्हणजे पुढचं चाक वळताना ज्याभोवती फिरतं त्या उभ्या दांड्यावर आहे आणि किंगपिनला ग्रीस लागतं, दर काही हजार मैलांना, न चुकता. ग्रीस विसरलेल्या गाडीचं स्टेअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. पुढचं चाक उचलून वर-खाली धरा आणि हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. ही साधी युक्ती पुष्कळ जुन्या गाड्यांना चालते.

वायरिंगबद्दल भीती पसरवणारे किस्से खूप आहेत. विजेचं सामान बनवणाऱ्या लुकासला जुन्या गाड्यांचे शौकीन गमतीने 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत आले आहेत. प्रत्यक्षात बहुतेक दोष सैल जोड आणि गंजलेल्या अर्थिंगचे असतात. बोनेटखाली आणि डॅशबोर्डखाली वाकून बघा: मूळच्या रंगीत वायरी ओळीत आहेत की चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडण्यांचं जाळं झालंय? १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, आताच्या उलट. कुणी नंतर बदल केलाय का ते विचारा. नाहीतर पहिल्याच दिवशी नवा स्टिरिओ जाळून बसाल.

१९७४ च्या अखेरीस अमेरिकेच्या सुरक्षा नियमांपायी गाडीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी दीड इंच उंच झाली. वळणावर ती जास्त झुकते, दिसायलाही बोजड. म्हणून आजही क्रोमच्या बंपरची एमजीबी महाग आणि रबराची स्वस्त. माझं मत विचाराल तर शाबूत सिल असलेली रबरी बंपरची गाडी ही पहिल्या खरेदीला जास्त शहाणपणाची. रबर काढून क्रोम लावलेल्या गाड्याही पुष्कळ फिरतात. त्यात वाईट काही नाही, फक्त तिचे पैसे जुन्या क्रोमवालीचे मागितले जात नाहीत ना, तेवढं बघा. गाडी साधारण कोणत्या काळातली हे कळायला बॉनेटखालच्या पाटीवरचा नंबर वाचता आला पाहिजे. जीएचएन म्हणजे उघडी गाडी, जीएचडी म्हणजे छपराची जीटी. पुढचा आकडा मालिकेचा: ३ असेल तर १९६७ पर्यंतची, मग ४, आणि ५ नंतरची. आकड्यानंतर 'एल' किंवा 'यू' अक्षर असेल तर गाडी डावीकडे स्टेअरिंग घेऊन जन्मली. स्टेअरिंग आता उजवीकडे दिसत असेल तर ती बहुधा अमेरिकेतून परत आलेली आहे. हे वाईट नाही. कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाडीचा पत्रा ब्रिटनमधल्या गाडीपेक्षा कितीतरी चांगला निघू शकतो. फक्त अमेरिका मोठी आहे आणि तिच्या उत्तरेच्या राज्यांतही रस्त्यांवर मीठ पडतं, हे विसरायचं नाही.

ब्रिटनमधल्या मराठी वाचकांना कागदपत्रांत एक मोठी सोय आहे. गाडीचा नंबर टाकला की एमओटी या वार्षिक तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, साधारण २००५ पासूनचा. त्यात सिलबद्दल, 'गंज'बद्दल कोणत्या वर्षी काय शेरा मारला होता ते वाचा आणि त्या वर्षीचं वेल्डिंगचं बिल मागा. शेरा आहे, पुढच्या वर्षी नाही आणि बिलही नाही, तर मधे डांबराचा डबा आला असावा. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची राहिलेली नाही. म्हणजे आज बहुतेक सगळ्या एमजीबी कुणीही न तपासता कायदेशीरपणे रस्त्यावर असू शकतात. सक्ती नसतानाही दरवर्षी एमओटी करून घेणारा मालक भेटला तर त्याच्या गाडीकडे जरा जास्त आपुलकीने बघायला हरकत नाही. मैलांच्या आकड्यावर विसंबू नका, मीटर पाचच आकड्यांचं आहे आणि लाखानंतर पुन्हा शून्यावर येतं.

भारतात एमजीबी क्वचितच विकायला येते, आणि आली तर पत्र्याइतकाच कागदांचा घोळ असतो. चासी नंबर, इंजिन नंबर आणि आरसी बुकातले नंबर एकमेकांशी जुळतात का, हे तुमच्या डोळ्यांनी, पाटीवरची धूळ पुसून बघा. फोटोवर भागवू नका. २०२१ साली केंद्राच्या मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. नूतनीकरणाला पाच हजार. पण अशा नंबरावर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांनाच ती बाहेर काढायची असते. त्यामुळे गाडीला जुना चालू नंबर असेल तर तो तसाच ठेवायचा की 'व्हीए'मध्ये जायचं, हे पैसे मोजण्याआधी आरटीओत विचारून घ्या. रविवारी सकाळी टप उतरवून खंडाळ्याला भजी खायला जाणं त्या ठरावीक कामांच्या यादीत नाही.